आधी सांगा, लाभांश चाललाय कुणाकडे?

ऑगस्ट उजाडला की माझ्या फोनवर एकच प्रश्न फिरून फिरून येतो. "मॅडम, पेरेंटला डिव्हिडंड पाठवायचाय, टीडीएस किती धरू?" विचारणारे बहुतेक नवी मुंबईच्या रबाळे, महापे, पावणे भागातल्या कंपन्यांचे अकाउंट्सवाले. पेरेंट म्हणजे त्यांची परदेशातली मालक कंपनी. कंपनी इथली, कामगार ऐरोली-कळव्याचे, मालक मात्र हॉलंडचा नाहीतर जपानचा. मी सीए आहे, ऑफिस ठाण्यात चरईला, आणि कामाचा मोठा वाटा अशा उपकंपन्यांचाच. ठाण्याहून वाशीची लोकल पकडली की माझे निम्मे क्लायंट खिडकीतून दिसायचे. आता मध्ये डेटा सेंटरच्या बिनखिडक्यांच्या भिंती आल्यात.

त्या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर देता येईल, पण मी देत नाही. उलट विचारते, पैसे घेणारी कंपनी कुठली? आणि तिच्या देशात या पैशाचं पुढे काय होतं? विचारणारा थोडा वैतागतो. त्याला पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत चलन भरायचं असतं, आणि पलीकडे काय होतं ती पलीकडच्यांची डोकेदुखी, असं त्याचं सरळ मत. मला ते पटत नाही. इथे किती कापला, त्याहून तो तिथे वळता होतो की बुडतो, हे आधी बघायला हवं. नाहीतर दहा टक्के कमी की जास्त, हे कशाच्या जोरावर ठरवायचं?

मूळ अडचण समजायला अवघड नाही. रबाळ्याच्या कंपनीने नफा कमावला, त्यावर इथे कर भरला. उरलेल्यातून लाभांश दिला, तर तो देशाबाहेर चाललाय म्हणून भारत सरकार त्यावर आणखी एक कर घेतं. पैसे मालक कंपनीच्या खात्यात पोचले की तिथलं सरकार म्हणतं, हे तुमचं उत्पन्न, आमचा हिस्सा काढा. नफा एकच, कर तीन. घेणारा हाडामांसाचा माणूस असता तर एक वेळ समजू. पण इथे मालकही कंपनीच आहे आणि तिच्या डोक्यावर आणखी एखादी बसलेली असू शकते. प्रत्येक पायरीला कर लागत गेला तर सगळ्यात वरच्याच्या हातात चहापाण्यापुरतेच पैसे पडतील. म्हणून जगात दोन तोडगे निघाले. मालकाच्या देशाने बाहेरून आलेला लाभांश करमुक्त करून टाकायचा, हा एक. कर लावायचा पण बाहेर भरलेल्या कराची वजावट द्यायची, हा दुसरा. हॉलंड, जर्मनी, फ्रान्स पहिल्या वाटेने गेले. ब्रिटन आणि जपान दोघेही २००९ मध्ये तिकडेच वळले. अमेरिका बरीच वर्षं वजावटवाली होती. २०१७ च्या कायद्यानंतर, निदान १० टक्के हिस्सा असलेल्या तिथल्या कंपन्यांपुरती, तीही त्याच रांगेत आली. भारत दुसऱ्या वाटेवर आहे, आणि त्याचे चटके कुणाला बसतात ते पुढे सांगते.

आपल्याकडे १९९७ पासून लाभांश वाटप कर होता. डीडीटी. तो घेणाऱ्यावर नव्हता, देणाऱ्या कंपनीवर होता. सुरुवातीला १० टक्के, मग वर-खाली, २००२-०३ मध्ये एक वर्ष गायब, मग परत हजर, आणि शेवटी १५ टक्क्यांवर स्थिर. २०१४ च्या बजेटमध्ये ग्रॉसिंग-अपचं गणित घातलं (लाभांशात कराची रक्कम मिळवून त्या बेरजेवर कर), तेव्हापासून अधिभार-उपकर धरून तो अखेरच्या वर्षांत २०.५६ टक्क्यांना पडायचा. अकाउंट्सवाल्यांना मात्र फार सोयीचा. घेणारा कोण, कुठला, काही विचारायचं नाही. चलन भरा, मोकळे व्हा. माझ्या ओळखीचे काहीजण अजून त्या दिवसांसाठी उसासे टाकतात.

परदेशी मालकाची तक्रार वेगळीच होती. हा कर उपकंपनीचा, त्याचा नव्हेच. त्यामुळे एकाच उत्पन्नावर दोनदा कर नको म्हणून दोन देश जो करार करतात, त्यातला सवलतीचा दर त्याच्या कामाचा नाही, आणि मायदेशी वजावट मागायला गेला तर तिथला अधिकारी म्हणणार, तुम्ही कुठे भरलाय हा कर? मुंबईच्या आयकर अपील न्यायाधिकरणाच्या विशेष पीठाने २०२३ मध्ये टोटल ऑइल इंडियाच्या प्रकरणात साधारण हीच भूमिका घेतली. करार भागधारकाला सवलत देतो, कंपनीच्या डीडीटीला नाही. अपवाद फक्त जिथे करारातच तसं लिहिलंय तिथे, जसा हंगेरीचा. जुन्या वर्षांचा तो वाद वरच्या न्यायालयांत अजून चालू आहे.

१ फेब्रुवारी २०२० च्या बजेटमध्ये निर्मला सीतारामन यांनी डीडीटी काढला. सरकारचं वर्षाला २५,००० कोटींचं उत्पन्न जाईल, असा अंदाज त्याच भाषणात होता. कर भागधारकाकडे गेला, आणि परदेशी भागधारक असेल तर कंपनीने तो कापून भरायचा. माझ्या मते निर्णय बरोबर होता. पण त्या दिवसापासून माझ्या टेबलावरच्या कागदांची थप्पी वाढली ती वाढलीच.

थोडं गणित करते, त्याशिवाय हे डोक्यात बसत नाही. कंपनीला १० कोटी नफा झाला असं धरा. २५.१६८ टक्क्यांनी कर २ कोटी ५१ लाख ६८ हजार, उरले ७ कोटी ४८ लाख ३२ हजार. सगळे वाटून टाकले, असंही धरा (कुणी वाटत नाही, पण गणितापुरतं). डीडीटी असता तर त्यातले सुमारे १ कोटी २७ लाख ५९ हजार सरकारला आणि ६ कोटी २० लाख ७३ हजार मालकाला. आज मालक हॉलंडचा असेल तर कराराचा दर १० टक्के. कर ७४ लाख ८३ हजार, मालकाला ६ कोटी ७३ लाख ४९ हजार. म्हणजे सरळ ५३ लाखांचा फायदा. पण मालकाकडे कागद धड नसतील, तर लागतो आपल्या कायद्यातला दर. २० टक्के, रक्कम एक कोटीच्या वर म्हणून २ टक्के अधिभार, त्यावर ४ टक्के उपकर. झाले २१.२१६ टक्के, म्हणजे १ कोटी ५८ लाख ७६ हजार. डीडीटी परवडला म्हणायची पाळी.

आता माझा प्रश्न लावून बघा. हॉलंडमध्ये हा लाभांश करमुक्त. ऐकायला छान, पण तिथे करच नाही तर वजावट कशातून घेणार? इथे कापलेले ७४ लाख ८३ हजार त्यांच्यासाठी कायमचे गेले. म्हणून ती मंडळी एकेका टक्क्यासाठी भांडतात, आणि ते बरोबरच आहे. इथला अकाउंटंट मात्र समजतो की कापलेला टीडीएस मालकाला तिकडे परत मिळतच असेल. आपल्या स्वतःच्या पगारातला मिळतो ना, तसा. नाही मिळत.

कागदांचं थोडक्यात सांगते, कारण त्यावर लिहायला लागले तर पोस्ट संपायची नाही. मालकाच्या देशातलं रहिवासी प्रमाणपत्र, म्हणजे टीआरसी. कराराची सवलत मागताना मालकाने द्यायचा दहा-एफ फॉर्म, जो जुलै २०२२ पासून ऑनलाइनच भरावा लागतो. भारतात आमचं कायम आस्थापन, म्हणजे धंद्याचं कायमचं ठिकाण, नाही, असं पत्र. पैशाचे खरे मालक आम्हीच, असं दुसरं पत्र. मग माझं पंधरा-सीबी, म्हणजे कर किती कापायचा याचं सीएचं प्रमाणपत्र, त्यावर यूडीआयएन हा त्या प्रमाणपत्राचा ओळख क्रमांक, मग पैसे बाहेर पाठवत असल्याचं कंपनीचं निवेदन पंधरा-सीए, मग बँक. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला, कलमांचे आणि फॉर्मचे आकडे बदलले, पण माझ्या जिभेला जुनेच चिकटलेत आणि क्लायंटांच्याही. हमखास घोळ होतो तो टीआरसीच्या तारखांत. युरोपातलं वर्ष जानेवारी ते डिसेंबर. अंतरिम लाभांश फेब्रुवारीत जाहीर होतो आणि हातातलं प्रमाणपत्र मागच्या डिसेंबरला संपलेलं असतं. तिकडच्या कर कार्यालयाकडे नवीन मागायचं तर तिथे सुट्ट्या, आणि इकडे कंपनी कायद्याप्रमाणे जाहीर केल्यापासून पाच दिवसांत पैसे वेगळ्या बँक खात्यात टाकायचे, तीस दिवसांत वाटायचे. त्या वेगळ्या खात्याचं परदेशी सीएफओंना भारी अप्रूप. मालक एकटाच आहे, सगळे शेअर त्याचेच, मग वेगळं खातं कुणापासून लपवायला? उत्तर माझ्याकडेही नाही, कायदा आहे म्हणून आहे.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. वीस टक्के पूर्ण कापला आणि भारतात दुसरं काही उत्पन्न नसलं, तर परदेशी कंपनीला इथे विवरणपत्र भरायची गरज नाही. कराराचा कमी दर घेतला की मात्र भरावं लागतं. म्हणजे सवलत घ्यायची असेल तर दारात येऊन सही करा. यात मला काही गैर वाटत नाही, पण हे आधी सांगितलं नाही की नंतर मेलवर मेल.

आता हॉलंडवाल्यांचं महाभारत. भारताच्या हॉलंड, फ्रान्स, स्वित्झर्लंड अशा काही देशांशी झालेल्या करारांना एक पुरवणी आहे. भारताने पुढे ओईसीडीच्या, म्हणजे मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेच्या, एखाद्या सदस्य देशाला याहून कमी दर दिला, तर तो आम्हालाही लागू, अशा अर्थाची. स्लोव्हेनियाच्या करारात भारताने काही लाभांशांना ५ टक्के दर दिला होता. तो करार झाला तेव्हा स्लोव्हेनिया ओईसीडीत नव्हता, २०१० मध्ये सदस्य झाला. मग आम्हालाही पाच द्या, असा दावा सुरू झाला. एप्रिल २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने कॉन्सेन्ट्रिक्सच्या प्रकरणात तो मान्य केला. रबाळ्यात आनंदीआनंद. माझ्या एका क्लायंटच्या मुख्यालयातून दुसऱ्याच आठवड्यात मेल, आता पाचच टक्के कापा.

मी दहाच्या खाली प्रमाणपत्र द्यायला तयार नव्हते. त्यात माझं काही मोठं शहाणपण नव्हतं. पुरवणीची भाषा वाचली तर मलाही पाच टक्केच बरोबर वाटत होते. पण निकाल दिल्लीचा, आपण मुंबई उच्च न्यायालयाखाली, सरकार सर्वोच्च न्यायालयात जाणार हे उघड, आणि उद्या उलटलं तर नोटीस हॉलंडला जात नाही, रबाळ्याच्या कंपनीला येते. कर कमी कापला म्हणून कसूरदार ठरते ती देणारी कंपनी. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने परिपत्रक काढून आपला विरोध स्पष्टच केला होता. कंपनीने प्रमाणपत्र दुसरीकडून घेतलं. मला वाईट वाटलं नाही असं नाही, पण धंद्यात हे चालायचंच.

१९ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाचा नेस्लेच्या प्रकरणातला निकाल आला. अशी सवलत आपोआप लागू होत नाही, सरकारने वेगळी अधिसूचना काढायला हवी. आणि तो तिसरा देश भारताशी करार करतानाच ओईसीडीचा सदस्य असायला हवा. निकाल मला पूर्ण पटलेला नाही. दुसऱ्या देशाशी सही करून झालेल्या पुरवणीत अधिसूचनेचा शब्दही नसताना ती अट मागाहून आपल्या कायद्यातून आणायची, हे समोरच्याने कसं घ्यायचं? पण निकाल तो निकाल. त्या क्लायंटला फरकाची नोटीस आली, वर कर न कापल्याचं महिन्याला एक टक्का व्याज. मुख्यालयाने पैसे केव्हाच पुढे नेलेले, त्यामुळे भुर्दंड इथल्या ताळेबंदावर. त्या वर्षी कामगारांच्या बोनसच्या वाटाघाटींत मॅनेजमेंटने हेच कारण पुढे केलं, असं तिथला स्टोअरकीपर मला सांगत होता. खरंखोटं देव जाणे.

समोरच्याने कसं घेतलं, ते स्वित्झर्लंडने सव्वा वर्षात दाखवलं. भारतीय मालकांच्या स्विस कंपन्यांना ते आपल्या बाजूने ५ टक्के लावत होते. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांनी जाहीर केलं, १ जानेवारी २०२५ पासून परत १०. तुम्ही देत नाही तर आम्हीही नाही.

ऐरोलीच्या आयटी पार्कमधल्या एका कंपनीचं प्रकरण वेगळ्या वळणाचं. मालक सिंगापूरची कंपनी, तिची मालक अमेरिकेतली. अमेरिकेच्या करारात मोठ्या हिश्श्याच्या मालकाला दर १५ टक्के, सिंगापूरच्या करारात २५ टक्के हिस्सा असेल तर १०. सिंगापूर पुढे जाणाऱ्या लाभांशावर काही कापत नाही. आणि अमेरिकेत लाभांश करमुक्त, म्हणजे तिथेही वजावट नाही. पाच टक्के निव्वळ वाचले. कायदेशीर? सिंगापूरच्या कंपनीत खरी माणसं बसून खरे निर्णय घेत असतील तर हो. पण मी तिथल्या संचालकांच्या बैठकांची इतिवृत्तं मागितली, तर आमच्याकडून पैसे आले त्याच दिवशी तेवढेच्या तेवढे पुढे पाठवायचा ठराव, दरवर्षी, मजकूरही तोच. २०२० पासून आपल्या अनेक करारांत, सिंगापूरच्याही, एक चाळणी बसली आहे. व्यवहाराच्या मुख्य हेतूंपैकी एक जरी सवलत मिळवणं हा असला, तरी सवलत नाकारता येते. कर मंडळाने जानेवारी २०२५ मध्ये त्यावर मार्गदर्शनही काढलं. युरोपात हेच डेन्मार्कच्या प्रकरणांत घडलं. लक्झेंबर्ग आणि सायप्रसमध्ये मधली कंपनी ठेवून डेन्मार्कमधून लाभांश बिनकराचा बाहेर काढला जात होता. युरोपीय न्यायालयाने २६ फेब्रुवारी २०१९ ला सांगितलं, गैरवापर असेल तर सवलत नाही, मग देशाच्या कायद्यात तशी तरतूद असो वा नसो. ऐरोलीच्या मंडळींना मी हे सगळं लिहून दिलं. त्यांनी दोन वर्षं पंधरा टक्के कापला, मग सिंगापूरला खरंच एक वित्त विभाग उभा केला. तो लाभांशासाठी केला की आणखी कशासाठी, ते मी विचारलं नाही.

आतापर्यंत सगळे पैसे बाहेर जाणारे. आत येणाऱ्यांबद्दल फारसं कुणी बोलत नाही, कारण ठाण्यात अशा कंपन्या मोजक्याच. वागळे इस्टेटमध्ये माझे एक जुने क्लायंट आहेत. कारखान्यात सगळे त्यांना अण्णा म्हणतात, मीही. आर्टिकलशिपमध्ये, म्हणजे सीएच्या उमेदवारीत, असताना मी सरांबरोबर त्यांच्याकडे ऑडिटला जायचे, त्यामुळे मला 'अगं' म्हणायचा हक्क त्यांच्याकडे अजून शाबूत आहे. भट्ट्यांचं तापमान सांभाळणारी उपकरणं बनवतात. आजूबाजूच्या शेड पाडून टॉवर आले, कॉल सेंटरं आली, हे हलले नाहीत. त्यांच्या मुलाने काही वर्षांपूर्वी श्टुटगार्टजवळची एक छोटी कंपनी विकत घेतली. मालक म्हातारा झाला होता, मुलं धंद्यात यायला तयार नव्हती. कंपनी चांगली चालली, आणि एक दिवस मुलाने विचारलं, "मॅडम, तिकडचा नफा इकडे आणायचाय. नवी शेड टाकायचीय."

मी वहीत मांडून दाखवलं. जर्मनीत १० लाख युरो नफा झाला तर तिथला कंपनी-कर आणि नगरपालिकेचा व्यवसाय-कर मिळून साधारण ३० टक्के. उरले ७ लाख. लाभांश काढताना जर्मनी कापते २६.३७५ टक्के, पण बॉनच्या केंद्रीय कर कार्यालयाचं सूट-प्रमाणपत्र आधी घेतलं असेल तर कराराप्रमाणे १० टक्के. गेले ७०,०००. इथे पूर्ण ७ लाखांवर २५.१६८ टक्के, म्हणजे १,७६,१७६. त्यातून ७०,००० ची वजावट, भरायचे १,०६,१७६. हाती ५,२३,८२४.

अण्णा इतका वेळ गप्प होते. "अगं, पण तिथे तीन लाख भरलेच होते ना आधी? त्याचं काय?"

"त्याचं काही नाही अण्णा. वजावट फक्त लाभांशातून कापलेल्या कराची. कंपनीने नफ्यावर भरलेल्याची नाही. सिंगापूरसारख्या मोजक्या करारांत ती सोय आहे, जर्मनीच्या करारात नाही."

"म्हणजे आपल्याच पैशाने आपल्या घरी यायला तीनदा तिकीट काढायचं."

मग त्यांनीच पुढचा प्रश्न काढला, आणि तो माझ्या फोनवर येणाऱ्या सगळ्या प्रश्नांपेक्षा चांगला होता. आमच्या मालाला तिकडे टक्कर देणारी एक कंपनी आहे, तिचा मालक फ्रेंच. तो किती भरतो?

तो सीमेवर काहीच भरत नाही. युरोपीय समुदायाने २३ जुलै १९९० ला मालक कंपनी आणि उपकंपनी यांच्याबद्दल एक निर्देश काढला. दोघी सदस्य देशांतल्या असतील आणि हिस्सा पुरेसा असेल, तर लाभांश देताना काही कापायचं नाही. आणि मालकाच्या देशाने एकतर तो करमुक्त करायचा किंवा वजावट द्यायची, पण वजावट देताना खालच्या कंपनीने भरलेला करही मोजायचा. अण्णा विचारत होते नेमकं तेच. हिश्श्याची अट आधी २५ टक्के होती, पायरीपायरीने उतरत २००९ पासून १० झाली. खर्चापोटी म्हणून लाभांशाचा ५ टक्क्यांपर्यंतचा भाग करपात्र ठेवायची मुभा आहे, ती फ्रान्स वापरतो. ७ लाखांचे ५ टक्के ३५,०००, त्यावर २५ टक्के, ८,७५० युरो. फ्रेंच मालकाच्या हाती ६,९१,२५०.

अण्णांनी कॅल्क्युलेटर माझ्या हातातून ओढला आणि वजाबाकी स्वतः केली. १,६७,४२६. "कारखाना तोच, कामगार तेच, नफा तेवढाच," ते म्हणाले, आणि पुढचं जे म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

युरोपची ती आपसातली व्यवस्था आहे, बाहेरच्याला तिचा फायदा का द्यावा, हे मला कळतं. आपल्या बाजूचं मात्र कळत नाही. २०११ पासून आपल्याकडे एक सवलत होती. परदेशी कंपनीत २६ टक्के किंवा जास्त हिस्सा असेल तर तिच्या लाभांशावर १५ टक्केच कर, अधिक अधिभार-उपकर. पैसा घरी यावा म्हणून. २०२२ च्या बजेटने ती बंद केली, आतल्या आणि बाहेरच्या लाभांशाला सारखी वागणूक म्हणून. पण सारखं कुठे आहे? इथल्या उपकंपनीने भरलेला कर याच सरकारच्या तिजोरीत जातो, परदेशी उपकंपनीने भरलेला दुसऱ्याच्या. खालच्या कराची वजावट देऊन मग सवलत काढली असती, तर माझी काही तक्रार नव्हती.

राहिली एकच वाट, आयकर कायद्याचं कलम ८०-एम (जुना आकडा). मिळालेला लाभांश, परदेशातून आलेला असला तरी, कंपनीने विवरणपत्राच्या मुदतीच्या एक महिना आधी आपल्या भागधारकांना वाटला, तर तेवढ्यावर कंपनीला कर नाही. मुलगा लगेच खूश झाला. मी म्हटलं थांबा. वाटला की तो तुमच्या आणि अण्णांच्या वैयक्तिक उत्पन्नात येणार, वरच्या स्लॅबमध्ये ३० टक्के आणि पुढचं सगळं. शिवाय कंपनीला करच राहिला नाही तर जर्मनीच्या ७०,००० ची वजावट कशातून घेणार? ती बहुतेक सगळी वाया. आणि मुख्य म्हणजे पैसा शेडसाठी हवाय ना? मग वाटायचा कसा?

"म्हणजे घरात वाटून खाल्ला तर कंपनीला कर नाही, आणि कारखान्यात घातला तर आहे?" अण्णांनी विचारलं.

"हो."

"उलटंच आहे की हे."

यावर माझ्याकडे सरकारी उत्तर आहे. साखळीत एकाच लाभांशावर पुन्हा पुन्हा कर लागू नये, एवढ्यापुरतंच ते कलम आहे, गुंतवणूक वाढवण्यासाठी नाही वगैरे. मी ते दिलं. त्यांच्या चेहऱ्यावरून ते पोचलं नाही, आणि खरं सांगायचं तर माझ्याही घशाखाली ते पूर्ण उतरत नाही.

यंदा लाभांश आणायचा नाही, असं ठरलंय. तिकडच्या पैशातून तिकडेच एक टेस्टिंग बेंच घ्यायचं, इथल्या शेडला बँकेचं कर्ज. कर्जाचं व्याज खर्चात जाईल, लाभांशावरचा कर गेला नसता. पुढेमागे आणायचाच झाला तर बॉनचं प्रमाणपत्र हातात हवं. ते एका वेळी जास्तीत जास्त तीन वर्षांचं मिळतं, आणि आहे त्याची मुदत जवळ आलीय. म्हणून नवा अर्ज आत्ताच घातला. तिकडूनही तपासणी असतेच. भारतातली मालक कंपनी खरी आहे की सवलतीसाठी मध्ये उभी केलेली, तिला स्वतःचं कार्यालय आहे का, माणसं आहेत का, धंदा काय करते. मी यादी वाचून दाखवली तेव्हा मागे प्रेस चालू होती, मला ओरडून बोलावं लागत होतं.

अण्णा म्हणाले, "त्यांना लिही, रोड नंबर बावीसला उतरा आणि कुणालाही विचारा. दुपारी बाराच्या आत आलात तर कँटीनला जेवूनच जा."